लोकसभेला कांद्यावरून सत्ताधाऱ्यांना पाडणाऱ्या नाशिकच्या शेतकऱ्यांनी सहा महिन्यांत मत कसं बदललं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. २० मे २०२४ च्या लोकसभा मतदानात नाशिक आणि दिंडोरीत कांद्यावरून सत्ताधाऱ्यांचे उमेदवार पडले, आणि २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानात, बरोबर सहा महिन्यांनी, त्याच जिल्ह्यात १५ पैकी १४ आमदार महायुतीचे आले. याची तुम्ही दोनच कारणं दिली आहेत. बायांनी लाडकी बहीणच्या दीड हजारांत मत विकलं, नाहीतर व्हॉट्सअॅपनं लोकांची डोकी फिरवली. मी चांदवड तालुक्यात राहते. लग्न होऊन इथं आले त्याला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून कांदा लावतेय, आणि या दोन्ही दिवशी मी रांगेत उभी होते. जिल्ह्याचं मला सांगता येणार नाही, पण माझ्या घरात काय झालं ते सांगते.

आमची साडेतीन एकर जमीन आहे, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. म्हणून बाजार समितीत कांदा गेला की हिशोबपट्टी त्यांच्या नावानं निघते आणि पैसे त्यांच्या खात्यात येतात. २०२३ च्या सुरुवातीला भाव इतके पडले की राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. तेही त्यांच्याच खात्यात. रोप टाकायला मी, लागणीला मी, निंदायला मी, काढून पात कापायला मी, कांदा साठवायच्या चाळीत सडका कांदा वेचायला मी. पट्टीवर माझं नाव कधी आलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, पुढचं सगळं यावरच आहे म्हणून आधी सांगते.

आता लोकसभेचं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ते जवळजवळ दोन आठवडे. त्यातून सावरतोय तोवर डिसेंबर आला. ७ तारखेला रात्री आमची ट्रॉली भरून अंगणात उभी होती, सकाळी लिलावाला न्यायची. झोपायच्या आधी नवऱ्याच्या मोबाईलवर निरोप आला की निर्यात बंद झाली. आदेशाची प्रतही सोबत होती. दुसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला रास्ता रोको झाला, आम्ही दोघंही गेलो होतो. बंदीच्या आदल्या आठवड्यात आमचा लाल कांदा क्विंटलला ३६०० नं गेला होता. दहा-बारा दिवसांनी तोच माल १८५० नं द्यावा लागला. शहरातली माणसं विचारतात, मग ठेवायचा ना, घाई कशाला केली. लाल कांदा ठेवता येत नाही. त्यात पाणी जास्त असतं, काढला की विकावाच लागतो. चाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा, जो मार्च-एप्रिलमध्ये निघतो. आणि त्या वर्षी तो निघाला तेव्हाही बंदी होतीच. ती उठली ४ मे २०२४ ला, मतदानाच्या सोळा दिवस आधी, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

व्हॉट्सअॅपनं डोकं फिरवलं का, या प्रश्नाचं माझं उत्तर याच काळातलं आहे. एप्रिलच्या शेवटी एक निरोप सगळ्या गटांवर फिरत होता, की गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी दिली आणि महाराष्ट्राला नाही. आमच्या गावात दोन्ही बाजूंच्या पक्षांचे गट आहेत. एका गटातले लोक म्हणाले अफवा आहे. पण ती अफवा नव्हती, खरोखर परवानगी दिली होती. दोनच दिवसांत दुसरी बातमी आली की सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी मिळाली. वाचून क्षणभर बरं वाटलं. मग गावातल्या एका पोरानं जुने आदेश काढून दाखवले, त्यातल्या बऱ्याच परवानग्या आधीच्याच होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारात भाव होता तेवढाच राहिला.

म्हणजे मोबाईलनं आम्हाला काही खोटंच शिकवलं असं नाही. पूर्वी लासलगावचा किंवा पिंपळगावचा भाव आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचा, नाहीतर ट्रॉली घेऊन तिथं गेल्यावर. आता सकाळी पहिले लिलाव झाले की अर्ध्या तासात घरात कळतं, पिंपळगावला काय निघालं, मनमाडला काय, उमराण्याला काय. कुठं न्यायचा हे ठरवता येतं. हा फायदा मोठा आहे आणि तो कोणत्या पक्षानं दिलेला नाही. खोटे निरोपही येतात, ढिगानं येतात. ‘शुल्क रद्द झालं’ असं त्या वर्षभरात मी निदान दहा वेळा वाचलं असेल. पण कांदा करणाऱ्या माणसाकडे खरं-खोटं पाहायला पट्टी असते. निरोप काय सांगतो आणि पट्टीवर आकडा काय आला हे चार दिवसांत समोर येतं. धर्माचे, इतिहासाचे, नेत्यांच्या घरातल्या भांडणांचे निरोप तपासायला असं काही हातात नसतं. तिथं मात्र आमच्याकडेही लोक वाहवत जातात, चांगली शिकलेली माणसं सुद्धा. तेवढा तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

१५ मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. तिथं एका तरुणानं मधेच उठून ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोबाईलवर होती. आमच्या सासूबाई राजकारणावर एक शब्द बोलत नाहीत, त्यांनीही ती पुन्हा लावायला सांगितली. पाच दिवसांनी आमच्या घरातली चारही मतं एकाच बाजूला पडली. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदा झालं.

मग नोव्हेंबरला काय झालं? सगळ्यात आधी भावाचं सांगते, कारण बाहेरचे लोक तेच विसरतात. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात किंमत काढली आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. बाजारात तोवर उन्हाळ कांदा कमी राहिला होता. आमचे शेवटचे चाळीस क्विंटल दसऱ्याच्या सुमाराला ४१०० नं गेले. ज्यांनी जूनमध्ये गरजेपोटी विकला त्यांना यातलं काहीच मिळालं नाही, हे खरं. पण गावात दिवाळीला पैसा होता, आणि हातात पैसा असलेल्या माणसाचा राग मवाळ होतो.

त्याच दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या गटावर भांडण झालं. माझी नणंद डोंबिवलीला असते. तिनं लिहिलं की कांदा ऐंशी रुपये किलो झालाय, सरकार काय झोपलंय का. माझ्या दिरानं तिला फार लागेल असं उत्तर दिलं. मी दुपारी तिला फोन केला. तिच्या नवऱ्याची कंपनी पगार वेळेवर देत नव्हती, दोन पोरांच्या शिकवण्या होत्या, आणि तिला ऐंशी रुपये खरोखरच जड जात होते. मी तिला सांगितलं की तुझ्या ऐंशीतले आम्हाला चाळीस मिळतात, आणि तेही वर्षातले दीड-दोन महिने. ती म्हणाली, वहिनी, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती याच घरात वाढलीय. पण लग्न होऊन वीस वर्षं शहरात राहिली की भाव फक्त एका बाजूनं दिसतो. १९९८ ला कांदा महागला म्हणून दिल्लीतलं सरकार गेलं, हे प्रत्येक पक्षानं लक्षात ठेवलंय. तेव्हापासून शहरात भाव चढला की सरकार घाबरतं. गावात पडला की अनुदानाचं बघू म्हणतं. महागाई मोजायच्या निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्काही नाही, तरी त्याच्याएवढे आदेश दुसऱ्या कोणत्या भाजीवर निघत नाहीत.

आणि आता दीड हजार. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. माझं जनधनचं खातं होतं, कित्येक वर्षं रिकामं पडलेलं. आधार जोडायला बँकेत दोन दिवस रांगेत उभी राहिले. रक्षाबंधनाच्या आधी मोबाईल वाजला, दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये जमा झाले होते. माझ्या नावावर आलेले ते पहिले पैसे. त्याच्या आधी दोन वर्षं माझी दाढ दुखत होती. घरात कोणी नको म्हटलं नसतं, पण आधी औषध फवारणी, मग खत, मग पोराची फी, असं करत मीच मागायचं पुढं ढकलत होते. त्या पैशांतून मी दाढेचं काम करून आले आणि घरी आल्यावर सांगितलं. निवडणुकीच्या आधी पाच महिन्यांचे ७५०० आले.

तुम्ही याला मत विकणं म्हणता. ३५० रुपये क्विंटल अनुदान सासऱ्यांच्या खात्यात आलं तेव्हा कोणी म्हटलं नाही की शेतकऱ्यानं मत विकलं. पीएम किसानचे वर्षाला ६००० येतात, त्यालाही कोणी विकणं म्हणत नाही. बाईच्या खात्यात आले की लगेच तो शब्द येतो. मला तो लागला, म्हणून एवढं लिहायला बसले.

नोव्हेंबरला आमच्या घरात दोन आणि दोन अशी मतं झाली. मी महायुतीला दिलं, सासूबाईंनीही. नवरा आणि सासरे मे मध्ये जिथं होते तिथंच राहिले. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चिडला, म्हणाला, डिसेंबरातला रस्ता विसरलीस का. मी विसरले नव्हते. मे मध्ये मी घराच्या पट्टीकडे बघून मत दिलं होतं, नोव्हेंबरात माझ्या खात्याकडे बघून. दोन्ही वेळेस विचार करूनच दिलं. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही, मग लागणीची मजूर टोळी ठरवायची वेळ आली आणि बोलणं सुरू झालं.

यानंतर सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. जाहीरनाम्यात २१०० म्हणाले होते, माझ्या खात्यात अजून दीडच हजार येतात. ज्या बायांच्या नावावर जमीन आहे आणि ज्यांना राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे मिळतात, त्यांना २०२५ पासून पाचशेच मिळू लागले. माझ्या शेजारणीला पाचशे मिळतात, कारण तिच्या वडिलांनी तिच्या नावावर तीस गुंठे जमीन केली. मला पूर्ण मिळतात, कारण माझ्या नावावर काहीच नाही. यातला अन्याय कोणत्याच पक्षाच्या भाषणात आलेला मी ऐकला नाही.

कांद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२५ ला उरलेलं शुल्कही गेलं. पण भाव उठला नाही. बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक होतं, आपण दर वेळी दार बंद करतो म्हटल्यावर त्यांनी स्वतः कांदा वाढवला आणि दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. गेलेलं गिऱ्हाईक एका आदेशानं परत येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात कांदा उत्पादक संघटनेनं फोन आंदोलन केलं, शेतकऱ्यांनी आमदार-खासदारांना आणि मंत्र्यांना फोन लावून विचारायचं की भावाचं काय करताय. माझ्या नवऱ्यानं तीन फोन केले. एक उचलला गेला. पलीकडे सहायक होता, त्यानं नीट ऐकून घेतलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या वेळी काय बघून मत देणार. सासूबाई नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गेल्या होत्या, भाकरी बांधून, कडेवर पोर घेऊन. तेव्हाही बोलणं हेच होतं, मालाला भाव आणि बाईच्या नावावर जमीन. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्ती निघाली, नवऱ्यानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं. आमच्या गावात तेव्हा सहा-सात जणांनी लावलं, आमच्या घरात राहून गेलं. मी उमेदवाराला दोनच गोष्टी विचारणार. निर्यातीचं धोरण लागणीच्या आधी, ऑक्टोबरात सांगाल का, की माल बाजारात आल्यावर रात्रीतून बदलाल? आणि माझं नाव सातबाऱ्यावर आलं तर माझे दीड हजार कापाल का? पहिला प्रश्न नवऱ्यानं लिहून दिलाय, दुसरा माझा आहे.