आध्यात्मिक संस्थेत वर्षानुवर्षं सेवा करूनही माणसांचा अहंकार का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात एका संस्थेत दोन वर्षं सेवेला जाता, जुन्या सेवेकऱ्यांचं वागणं बघून मन उडालंय, आणि विचारताय की जप-ध्यान करणाऱ्या माणसांत एवढा दिखाऊपणा आणि मोठेपणाची हौस येते कुठून, आणि संस्था सोडावी का. मी सांगलीचा. अशाच एका संस्थेचे हिशेब अकरा वर्षं बिनपगारी लिहिले. नाव सांगणार नाही. तिथली निम्मी माणसं अजून बाजारात भेटतात आणि माणसं म्हणून वाईट नाहीत.

आधी गुप्तदानाचं सांगतो. दर गुरुवारी आरतीनंतर देणगीदारांची नावं माइकवरून वाचायची पद्धत होती. यादी मी करून द्यायचो. मार्केट यार्डातले एक व्यापारी आले, अकरा हजार रुपये दिले आणि म्हणाले, "काका, नाव नको. गुप्तदान लिहा." मला बरं वाटलं. पावती केली आणि यादीतून ती रक्कम गाळली. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन. "काका, काल वाचलं नाही?" मी म्हटलं, काय वाचायचं होतं? "अहो, एका भक्ताकडून गुप्तदान, अकरा हजार." पुढच्या गुरुवारी वाचलं. ते पहिल्या रांगेत होते. माइकवर 'गुप्तदान' शब्द आला तसे ते उठले, उपरणं झटकलं, पुन्हा नीट घडी घातली आणि बसले. हॉलमध्ये तीनशे माणसं होती. तीनशेंना कळलं.

आणि ती पायरी. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांचे आणि भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी मागून घेतलेली जागा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तोच भाव धरून आमच्याकडे एका दात्याने वडिलांच्या स्मरणार्थ सभागृहाच्या पहिल्या पायरीला संगमरवर दिला, त्यावर नाव कोरलेलं. दीड वर्षात अक्षरं पुसट झाली. दात्याचं पत्र आलं: माझ्या वडिलांच्या नावावर लोक पाय देतात. बैठकीत विषय क्रमांक चार म्हणून तो घेतला गेला. तासभर चर्चा झाली, आणि लोकांनी पाय देऊ नये म्हणून पायरीला साखळी लावायचं ठरलं. त्यानंतर दोन महिने सगळे बाजूच्या उतारावरून, सायकली न्यायच्या वाटेने आत जायचे. शेवटी फरशी उचलून भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर बसवली. मजुरी ८५० रुपये, किरकोळ दुरुस्ती खात्याला टाकली. ती नोंद माझ्याच हातची आहे.

हे फसवणुकीचं प्रकरण नाही, एवढं लक्षात घ्या. तुमच्याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अठरा-वीस वर्षं घासली, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तोही त्यांचा खून झाल्यावर. चमत्काराचा दावा करून लुबाडणाऱ्याला तो कायदा पकडतो. पण तुम्ही ज्याने वैतागलाय तो आजार कुठल्याच कलमात बसत नाही. कुणी कुणाला लुटत नाही. फक्त चप्पल स्टँडची सेवा कुणाकडे आणि गाभाऱ्याच्या दारातली कुणाकडे, यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं.

माझं निरीक्षण असं आहे. नोकरीत पगार असतो, बढती असते, अठ्ठावन्नाव्या वर्षी खुर्ची निघून जाते. सेवेत पगार नाही, पण माणसाला काहीतरी मोबदला लागतोच, मग तो मानात मिळतो. बिल्ल्याचा रंग, मागच्या दाराने प्रवेश, महाराजांच्या गाडीत कोण बसलं, प्रसादाचा नारळ कुणाच्या हातात दिला. आमच्या जिल्ह्यात तर सहकार हाडात मुरलेला. सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना. पॅनेल बांधणं ही इथली मातृभाषा. जो कारखान्याच्या निवडणुकीत पडतो तो दोन वर्षांनी मठाच्या कार्यकारिणीत दिसतो. निवृत्त झालेला साहेब घरात बायकोला चहा मागताना दबकतो आणि इथे येऊन रांगेतल्या माणसांना "मागे व्हा, मागे व्हा" म्हणताना त्याचा जुना आवाज परत येतो.

पण हे तर गणेश मंडळातही होतं, लग्नातही होतं. अध्यात्मात त्याला जे वेगळं बळ येतं ते एका वाक्यामुळे: "मी कोण करणारा? महाराजांनी करून घेतलं." ऐकायला नम्र वाटतं. अकरा वर्षं हे वाक्य खर्चाच्या व्हाउचरला चिकटून येताना मी पाहिलं. कार्यालयाला एसी बसवायचा, महाराजांची इच्छा. स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय, त्याला बजेट नाही. कारखान्याच्या चेअरमनला सभेत उभं राहून उसाच्या दराबद्दल विचारता येतं, लोक विचारतातही, खुर्च्याही फेकतात. महाराजांच्या इच्छेला कोण विचारणार? आणि ती इच्छा कळते फक्त तीन-चार जणांना. त्यांना स्वतःसाठी काहीच नको असतं, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. भांडलात तर भांडण महाराजांशी होतं.

आमच्या सभागृहात गाडगेबाबांची मोठी तसबीर होती. जो माणूस पाया पडायला येणाऱ्यावर काठी उगारायचा, हातात खराटा घेऊन गावं झाडायचा, त्याच्या तसबिरीच्या बरोबर खाली पाद्यपूजेच्या पावत्यांचं टेबल. ते टेबल तिथे मीच मांडलं होतं. कारण प्लगपॉइंट तिथेच होता, पंखा लावता यायचा.

दरवर्षी दासनवमीला पारायण व्हायचं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. "आपली आपण करी स्तुती" आलं की मांडवात खसखस पिकायची आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडे तरी बघून हसायचा. मी आमच्या अध्यक्षांकडे बघायचो. अध्यक्ष कुणाकडे बघायचे ते बरेच दिवस लक्षात आलं नाही. पारायण संपलं की सत्कार. एका वर्षी सत्कारमूर्तींनी उत्तराच्या भाषणात "मी यातला कुणीच नाही" एवढी एकच गोष्ट वीस मिनिटं सांगितली.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्याखाली. आमचा हॉल विश्रामबागेच्या बाजूला, कोरडा. श्रावणाचा सप्ताह बसलेला. लोक दाराशी आले. तातडीची बैठक झाली: हॉलमध्ये घेतलं तर सप्ताहाच्या सोवळ्याचं काय? ठरलं की लोकांना घ्यायचं, पण गाड्या लावायच्या शेडमध्ये. अध्यक्ष स्वतः ट्रॅक्टरवर उभे राहून माणसं आणायला गेले होते, दोन दिवस झोपले नाहीत, हेही तितकंच खरं. त्याच अध्यक्षांनी तिसऱ्या दिवशी जेवणाची पाकिटं अडवून धरली, कारण त्यावर संस्थेच्या नावाचं स्टिकर लागलं नव्हतं. नेहमीचा छापखाना गावातला, तो स्वतःच पाण्यात. मिरजेहून स्टिकर यायची वाट बघत आसपासच्या गावांतून आलेल्या भाकरी टेम्पोत पडून राहिल्या.

स्वयंपाकघरात एक आजी होत्या, तासगावकडच्या. फार गोड बाई होत्या असं अजिबात नाही. तांदूळ निवडायला खिडकीजवळची जागा त्यांची, तिथे दुसरी कुणी बसली की परात सरकवून द्यायच्या. वीस वर्षं त्या जागेसाठी त्यांनी किती जणींना रडवलं असेल. त्या उठल्या, टेम्पोतलं एक गाठोडं उचललं आणि शेडकडे चालू लागल्या. कुणीतरी म्हणालं, आजी, थांबा, स्टिकर येतंय. त्या मागे न बघता म्हणाल्या, "भाकरीला नाव लागत न्हाई बाबा, कोरड्यास लागतं." कोरड्यास म्हणजे आमच्याकडे कालवण. मग सगळ्यांनीच गाठोडी उचलली. पूर ओसरल्यावर पहिल्या गुरुवारी आजी परत खिडकीशी, आणि परत कुणाशी तरी भांडण.

आता माझं. हिशेबनीस म्हणून दानपेटीच्या दोन किल्ल्यांतली एक माझ्याकडे असायची. सुरुवातीला तिचं ओझं वाटायचं. पाच-सहा वर्षांनी ती मी शर्टाच्या वरच्या खिशात, दिसेल अशी ठेवायला लागलो. मला कळलंही नाही. एका उत्सवाला बायकोला घेऊन मागच्या दाराने निघालो. दारात नवा पोरगा उभा, कॉलेजचा असेल. म्हणाला, "माउली, रांगेतून या." आणि माझ्या तोंडून निघालं, "ओळखलं नाहीस का मला?" पोरगा गडबडला, बाजूला झाला. आत गेलो, दर्शन झालं, प्रसाद घेतला. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "अहो, तो आवाज कुठून काढलात?" मी म्हटलं, कुठला? "तोच. तुमच्या ऑफिसातल्या त्या साहेबाचा, ज्याला तुम्ही तीस वर्षं शिव्या देत होतात." त्या दिवशी कळलं की मूर्खलक्षणांच्या वेळी अध्यक्ष कुणाकडे बघून हसत असतील.

सोडावी का, याचं माझं उत्तर असं. नुसत्या मोठेपणाच्या हौसेपायी सोडू नका. दुसरीकडे जाल तिथे तीच माणसं दुसऱ्या रंगाच्या उपरण्यात भेटतील. पण एक करून बघा. साधा प्रश्न विचारा: वर्षाचा जमाखर्च कुठे बघायला मिळेल? नोंदणी झालेली संस्था असेल तर ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येते. धर्मादाय कार्यालयात तिची नोंद, परिशिष्ट एक (म्हणजे विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता लिहिलेला उतारा) आणि ऑडिट झालेले हिशेब असायला हवेत, आणि अर्ज करून ते पाहता येतात. विश्वस्त बदलला तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे काय निघालं सांगू? सातांपैकी तीन विश्वस्त वैकुंठवासी. दोन गटांनी एकमेकांच्या बदल अर्जांवर हरकती घेतल्यामुळे कागदोपत्री ते तिघे अजून कारभार बघत होते. जिवंतांपेक्षा त्यांचा त्रास कमी होता म्हणा.

प्रश्न विचारल्यावर कुणी वैतागून का होईना, वह्या पुढे टाकल्या तर राहा. "तुमची श्रद्धा कमी पडतेय" असं उत्तर आलं तर त्याच दिवशी निघा. वाईट वाटून घेऊ नका, समर्थांनी मोकळीक देऊन ठेवलीय: "ऐसे गुरु अडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे." अडका म्हणजे त्या काळचं क्षुल्लक नाणं. आणि निघालात म्हणून जप सोडायची गरज नाही. तो संस्थेच्या मालमत्तेत धरत नाहीत. मी ताळेबंद केलाय, कुठल्याही रकान्यात तो नव्हता.

मी हिशेब दुसऱ्याकडे सोपवून चार वर्षं झाली. भांडून नाही निघालो, चष्म्याचा नंबर वाढला हे कारण सांगितलं, ते थोडं खरंही होतं. गेल्या दासनवमीच्या आसपास आम्ही दोघं एसटीने तुमच्या सज्जनगडावर गेलो. रांगेत उभे राहिलो, पंगतीत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी भाताला आळं करता करता विचारलं, "कुठल्या मंडळाचे आपण?" माझ्या जिभेवर 'माजी हिशेबनीस' पूर्ण तयार होतं, संस्थेच्या नावासकट. मी घास घेतला आणि म्हणालो, "सांगलीचे." बायको पलीकडून इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि वाढप्याला वाटलं आमटी तिखट झालीय.