फुरकामेचीतलं ‘फुर’ कुठलं?

प्रश्न : जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याकडे एक जॉर्जियाचा पाहुणा भेटला, त्यांच्या केतेवान राणीचे अवशेष जिथे मिळाले ती जागा बघायला आलेला. त्याला मोबाईलवर आमच्या गोठ्यातली म्हस दाखवली तर तो लगेच म्हणाला, "फुरकामेची!" हा शब्द आला कुठून? आपल्या म्हशीशी काही नातं आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : प्रश्न वाचून खूप आनंद झाला, कारण या एका शब्दात दोन वेगवेगळ्या घरची माणसं एकत्र नांदतायत.

आधी ‘फुर’. जॉर्जियनमध्ये फुरी म्हणजे गाय. रोजच्या बोलण्यात गायीला ‘द्झ्रोखा’ म्हणतात, पण फुरी जुना शब्द आणि अगदी घरचा, म्हणजे त्यांच्या बहीणभाषेत, लाझमध्ये, गायीला फुजी म्हणतात. जॉर्जियनमध्ये आपल्यासारखं तो-ती-ते नाहीच, मग मादी सांगायची कशी? तर या गायीलाच पुढे जोडलं. इरेमी म्हणजे हरीण, फुरिरेमी म्हणजे हरिणी, कामेची म्हणजे म्हैसवर्गातलं जनावर आणि फुरकामेची म्हणजे तुमची म्हस. मला हे फार आवडतं, गाय हा शब्दच मादीची खूण होऊन बसला.

‘कामेची’ मात्र इराणकडून आलेला. फारसीत म्हशीला गावमेश म्हणतात, गाव म्हणजे गाय आणि मेश म्हणजे मेंढी. ते ‘गाव’ आपल्या गायीचं सख्खं नातेवाईक आणि ‘मेश’ आपल्या राशीतल्या मेषाचं. पण आपली म्हैस महिषीवरून आलीय, म्हणून कानाला मेश-म्हैस कितीही जवळचं वाटलं तरी ते नातं नाही. फुरीचं तर आपल्या भाषेशी घराणंच वेगळं.

उच्चार सांभाळा हं. फुरीतला फ ‘फळ’मधला, ओठ मिटून सोडायचा, इंग्रजी एफ नाही. तिथे प घशातून दाबून फटकन सोडला तर होतं ‘पुरी’, आणि पुरी म्हणजे त्यांच्याकडे पाव, म्हशीचं नाव घेताना पाव मागितल्यासारखं होईल!

आणि गोठ्यात न व्यालेली पाडी असेल तर तिला ते देकेउली म्हणतात.