वाचक विचारतात : जपानची २०१ मालिका

प्रश्न : जपानच्या २०१ मालिकेच्या लोकलमध्ये प्रगत चॉपर नियंत्रण होते, मग पुढच्या गाड्यांत ते का टिकले नाही? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : जुन्या लोकल गाड्यांत वेग वाढवताना बरीच वीज रोधकांमध्ये (विद्युतप्रवाह अडवणाऱ्या भागांत) उष्णता होऊन वाया जात असे. तेलसंकटानंतर जपानी राष्ट्रीय रेल्वेने हा अपव्यय टाळण्यासाठी १९७९ मध्ये २०१ मालिकेची प्रायोगिक गाडी आणली आणि १९८१ पासून टोकियोच्या चुओ मार्गावर तिच्या नियमित गाड्या धावू लागल्या. चॉपर नियंत्रणात थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच विद्युतप्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करून गाडीच्या मोटारींना हवा तेवढाच पुरवतो आणि ब्रेक लावताना निर्माण झालेली वीज गाडीवरच्या वीजतारेकडे परत जाते, ही तिची खरी थोरवी होती.

मात्र ही उपकरणे फार महाग होती आणि रेल्वे कर्जात बुडाली होती. म्हणून १९८५ च्या २०५ मालिकेत रोधक ठेवून, मोटारींच्या चुंबकीय क्षेत्राचे नियंत्रण करून वीज परत मिळवण्याची स्वस्त युक्ती वापरली गेली. शिवाय स्टेनलेस स्टीलमुळे डबे हलके झाले. माझ्या मते यात २०१ मालिकेचा पराभव नाही, कारण वीज परत मिळवणे लोकलमध्ये आवश्यकच आहे, हा आग्रह तिनेच रुजवला. चुओ मार्गावरून नारिंगी २०१ गाड्या २०१० मध्ये निवृत्त झाल्या.