आकड्याचं दुसरं टोक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भूगोल घेतला तो नकाशांच्या ओढीने, आणि वर्गात नुसत्या व्याख्या उतरवून घ्याव्या लागतात, ही तक्रार रास्त आहे. वहीच्या पानाचा फोटो जोडलास तेही बरं केलंस. घनता, लिंग गुणोत्तर, स्थलांतर, विकर्षण घटक, आकर्षण घटक, निसर्गवाद, संभववाद, वेबरचा सिद्धान्त. वाण्याच्या यादीसारखं एकाखाली एक. पाठ होतं, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही, असं तू म्हणतेस.

ही सगळी यादी मी उलगडत बसणार नाही. तेवढा धीर आता उरलेला नाही. एकच आकडा घेऊ आणि तो नेईल तिकडे जाऊ.

१,१२२. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे एवढ्या स्त्रिया निघाल्या. राज्याचा आकडा ९२९ होता आणि तुझ्या बीडचा ९१६. दर वर्षी उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडायचं : 'रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांना मानाचे स्थान असल्याने तेथील लिंग गुणोत्तर अधिक आहे.' मी त्याच जिल्ह्यातली, त्यामुळे वाचून आधी हसू यायचं, मग राग यायचा. अगं, सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचं प्रमाण काढलं तर रत्नागिरीतही मुली हजाराच्या आतच आहेत. मग मोठ्या वयात बायका वाढल्या कुठून? वाढल्या नाहीतच. पुरुष घटले.

माझे वडील त्या घटलेल्यांपैकी. लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. एका खोलीत दहा-बारा जण, झोपायचं ते पाळी बघून, जेवायचं खानावळीत. वर्षातून दोनदा घरी यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. एरवी यायची ती मनीऑर्डर. आमच्या चिपळूणकडच्या वाडीत सोळा उंबरे होते, पण पावसाळ्यात कुणी गेलं तर खांदा द्यायला खालच्या वाडीतून माणसं बोलवावी लागत. लिंग गुणोत्तर हा शब्द मी कॉलेजात शिकले. तो काय असतो हे मात्र मला त्याआधीच माहीत होतं.

आता त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचं पान काढ. हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया. तिथे कमी पडलेल्या बायका आणि इथे कमी पडलेले पुरुष, यांतले कितीतरी एकाच रेशनकार्डावरचे. एका जिल्ह्याचा आकडा त्या जिल्ह्यात राहून कळत नाही, त्याचं दुसरं टोक कुठेतरी लांब खुंटीला बांधलेलं असतं. मला तुला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिले दोन समजू शकतात, पण मुंबई? तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांच्या खाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागांवर टॉवर, कार्यालयं आणि मॉल उभे राहिले. चाळीतल्या खोल्या विकून पोरं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला गेली. पालघर वेगळा व्हायच्या आधीचा ठाणे जिल्हा २०११ ला एक कोटी दहा लाखांवर पोचून देशात सगळ्यात मोठा ठरला, तो उगाच नाही. म्हणजे माणूस सुटलेलं गावही घटलं आणि ज्या शहरासाठी सुटला तेही घटलं. घनतेचं कोष्टक पाठ करताना हे विसरू नकोस. घनता म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो. माणसं कुठून आली नि कुठे निघालीत, हे त्यात दिसत नाही.

निसर्गवादाकडे येते, कारण तुझ्या वहीत तिथे दोन उद्गारचिन्हं आहेत. परिसर माणसाला घडवतो, असा विचार जर्मनीत रॅट्झेलच्या नावाने ओळखला जातो. परिसर फक्त शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो, असं फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाशचं म्हणणं; तो संभववाद. तू लिहिलंस, 'बाई, आमच्याकडे पाऊस नाही म्हणून लोक ऊसतोडीला जातात, हे निसर्गवादाचं उदाहरण चालेल का?' परीक्षेत चालेल. पण मला चालत नाही.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तुमच्याकडे त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. तरी दोन्हीकडून माणसं घराबाहेर पडली. मग दोष पावसाचा कसा? उलटून बघ. नगरकडच्या श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात बीडपेक्षा जास्त पाऊस पडतो असं नाही; तोही पर्जन्यछायेतलाच मुलूख. पण १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांतून पाणी फिरलं आणि तिथे ऊस उभा राहिला. पाऊस सारखाच, पण एकाच्या हातात ऊस आला आणि दुसऱ्याच्या हातात कोयता. मध्ये आलं धरण, कालवा आणि ते पाणी कुणाच्या शेतात न्यायचं याचा निर्णय. आमच्या बाजूला पाणी भरपूर, पण कातळ जांभ्याचा, उताराची जमीन, भाताचं एक पीक, आणि जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची. पिकवायचं कुळाने, घालायचं खोताला. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. ती कायद्याने गेली १९४९ मध्ये. तोवर दोन-तीन पिढ्या मुंबईला पोचल्या होत्या. खोत हा काही निसर्गाचा भाग नव्हे.

आणखी एक. आम्हाला कऱ्हाड जवळ, मुंबई त्याच्या अडीचपट लांब. मग लोक कऱ्हाडला का गेले नाहीत? माझी आजी सांगायची, घाट चढायला दिवस मोडायचा, पण गोवळकोटच्या धक्क्यावरून दाभोळ गाठलं आणि आगबोटीत बसलं की मुंबई आलीच. किलोमीटर हे निरपेक्ष अंतर. आजीचं अंतर सापेक्ष. माणसं राहतात ती सापेक्ष अंतरात. नकाशावर पट्टी ठेवून सोडवलेल्या गणितात तू पैकीच्या पैकी मिळवशील, पण माणूस कुठे जाईल ते ओळखशीलच असं नाही.

आता वेबर. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये मांडलेला हा सिद्धान्त मुलांना रूक्ष वाटतो, त्रिकोण काढून काढून कंटाळतात. मला तो फार आवडतो, कारण आपल्या दोघींच्या घरांचा हिशेब त्यात बसतो. कच्चा माल कारखान्यात जाऊन वजनाने घटत असेल, तर कारखाना मालाजवळ लागतो; घटत नसेल, तर कुठेही लागू शकतो. टनभर उसातून साखर निघते शंभर-एकशेदहा किलो. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो. म्हणून कारखाना उसातच हवा, आणि तोडणारी माणसंही उसातच येऊन राहायला हवीत. कापसाचं तसं नाही. सरकी काढून गाठी बांधल्या की रुईचं वजन सुतात फारसं घटत नाही. खानदेश-वऱ्हाडच्या गाठी रेल्वेने मुंबईला नेल्या तरी परवडायचं. तिथे बंदर होतं, भांडवल होतं, दमट हवा होती. तिथली पहिली कापड गिरणी १८५४ साली निघाली. माझे वडील गेले ते वजन न घटणाऱ्या मालामागे, तुझे आईबाबा जातात ते वजन घटणाऱ्या मालामागे. म्हणून वडील एका पत्त्यावर तीस वर्षं राहिले आणि तुझ्या घरच्यांची कोपी, ती पाचटाची झोपडी, दर हंगामाला उसाच्या नव्या फडावर पडते. वेबरने मजुरीचा खर्चही हिशेबात धरला आहे. मजुराची पोरं शाळेत कुठे बसायची, ते त्याच्या त्रिकोणात नाही. त्याच्यावर राग नको, त्याचा प्रश्न वेगळा होता. तो प्रश्न तू घाल.

विकर्षण-आकर्षण घटक हे शब्द मला मनापासून पटलेले नाहीत. दोन लोहचुंबकांमध्ये माणूस म्हणजे जणू खिळा. तुझ्या गावात मुकादम, ऊसतोडीची टोळी नेणारा, पावसाळ्यात उचल देतो, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाचं खत-बियाणं. ती उचल विकर्षण की आकर्षण? गाव ढकलतही नाही, ऊस ओढतही नाही. आषाढात घेतलेला पैसा दसऱ्यानंतर दोरीसारखा आवळतो. पुस्तकाच्या दोन रकान्यांत न बसणारं असं काही सापडलं, की समजायचं आपण योग्य ठिकाणी आलो. त्यासाठी तिसरा रकाना आख. परीक्षक चिडला तर माझं नाव सांग.

'कोयता' या शब्दाकडेही जरा थांबून बघ. एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. उचल त्या जोडीवर, हिशेब त्या जोडीचा, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. मोजमापाचं एककच असं निवडलं की बाई अर्धी होऊन जाते, कुठेही खोटं न लिहिता. रॅव्हेन्स्टाइनने १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात. आपल्या जनगणनेतही स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच निघतं. तरी 'स्थलांतरित' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ट्रंक घेऊन निघालेला पुरुष. तुझी आई दोनदा स्थलांतरित आहे : एकदा माहेराहून सासरी, आणि मग दर दिवाळीच्या आगेमागे फडावर.

आता तुझ्या जिल्ह्याचा ९१६ घे. त्यातली वाईट गोष्ट आधी सांगते. २०११ ला सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण तिथे हजारी ८०७ होतं, राज्यात सगळ्यात खाली. ते स्थलांतराने समजावता येत नाही. ती निवड आहे, गर्भातच केलेली. त्यावर मलमपट्टी नको. दुसरी गोष्ट वेगळी. २०११ ची गणना झाली फेब्रुवारीत, संदर्भ तारीख १ मार्च. गणनेच्या पूर्ण काळात जो घरी नसतो त्याला त्या घरात धरत नाहीत. तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. आणि फेब्रुवारीत तुझी गल्ली कुठे असते? उसात. म्हणजे तुमची बरीच माणसं मोजली गेली असतील, तर ती कारखान्याच्या जिल्ह्यात. २०२७ च्या गणनेसाठीही संदर्भ तारीख १ मार्चच ठरली. नदीकाठच्या, उसाच्या एखाद्या तालुक्याची घनता कोष्टकात पाहशील, तेव्हा त्यात तुमची माणसं किती मिसळलीत, हा प्रश्न तुझ्याशिवाय वर्गात कुणाला पडणार नाही.

वस्त्यांच्या प्रकारांवर मी लिहीत नाही. केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती हे तुला येतंच. एवढंच बघ, की देशावर आपल्या जुन्या माणसांनी राहायच्या जागेला पांढरी आणि पिकायच्या जागेला काळी म्हटलं. जमिनीच्या वापराचा नकाशा दोन शब्दांत. आणि आमच्या वाड्यांना जातींची नावं होती. ती बदलायचा निर्णय सरकारने २०२० मध्ये घेतला, चांगलं केलं. पण पाटी बदलली तरी विहीर आहे तिथेच असते. वाडीपासून विहिरीपर्यंतची पावलं मोजायची सवय ठेव.

आता काम सांगते. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, आईबाबा परत आले, की त्यांना दोन दिवस झोपू दे. मग तुझ्या गल्लीचा नकाशा काढ. प्रत्येक घरापाशी लिही : हंगामात कुलूप होतं का, कोण मागे राहिलं, बाकीचे कुठल्या कारखान्यावर होते, किती कोयते, शाळेतली पोरं कुठे होती. उचलीचा आकडा कुणी आपणहून सांगितला तर लिही, खोदून विचारू नकोस. प्रमाण नाही जमलं तरी चालेल, उत्तर दिशेचा बाण मात्र विसरू नकोस.

मे महिन्यात तो घेऊन माझ्याकडे ये. घडी घालू नकोस, गुंडाळून आण. कुंभार्ली घाटाने आलीस तर चिपळूणच्या स्टँडवर उतर आणि तिथूनच फोन कर. आमच्या वाडीची एसटी चारला सुटते आणि त्यानंतर थेट सातला. आमचं रत्नागिरीचं पान मी काढून ठेवलं आहे.

तुझी,
बाई