१९व्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या माणसाची घरी पाठवलेली पत्रं वाचून खरं काय कळतं?

कळतं भरपूर, पण त्याला घरच्यांना जेवढं सांगायचं होतं तेवढंच. मला जुन्या टपालाचा नाद आहे त्यामुळे अशी पत्रं वाचतो, आणि त्यात भावना कमी आणि भाव जास्त असतात! गाय केवढ्याला, मजुरी किती, दिवसातून तीनदा मांस खायला मिळतं, आणि मुख्य म्हणजे जमीन. १८२० पासून सरकारी जमीन सव्वा डॉलर एकरने मिळायची, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाने हे घरी कळवणारच ना.

शिवाय पत्र खासगी राहायचं नाही, घरात मोठ्याने वाचलं जायचं, शेजारीपाजारी ऐकायचे. मग "येऊन चुकलो" असं कोण लिहील? विशेषतः घरच्यांचा विरोध असताना गेला असेल तर. म्हणून वाईट बातमी एका ओळीत उरकलेली असते, हिवतापाने सगळं घर आडवं झालं आणि लगेच पुढे मका कसा आलाय ते. मी तरी अशा ओळींवरच जास्त थांबतो.

शार्लट एरिक्सन या इतिहासकार बाईंनी १९७२ मध्ये अशा इंग्लिश-स्कॉटिश पत्रांचं मोठं पुस्तक काढलं, त्यात या लोकांना 'अदृश्य' म्हटलंय. भाषा तीच, त्यामुळे अमेरिकेत ते कुणाला परके दिसत नसत, पण करमत नसल्याच्या खुणा पत्रांत आहेतच.

आणि जागेची मारामारी. १८४५ पर्यंत अमेरिकेत ४०० मैलांपुढे एका कागदाला २५ सेंट पडायचे, दुसरा कागद घातला की दुप्पट, तेही फक्त बंदरापर्यंत, पुढचे पैसे इंग्लंडात घेणाऱ्याने भरायचे. म्हणून काहीजण कागद आडवा भरला की तोच फिरवून त्यावरच उभं लिहीत, आपण पोस्टकार्डाच्या कडेकडेने लिहायचो तसं, फक्त वाचताना दहापट डोकेदुखी.

तुमच्याकडे मूळ पत्राचे फोटो असतील तर पत्त्याची बाजू आधी बघा. तेव्हा पाकीट क्वचितच असायचं, तोच कागद घडी घालून लाखेने बंद करायचे, त्यामुळे टपालाचे शिक्के आणि हाताने लिहिलेला दर तिथेच सापडतो. मजकुरात तारीख नसली तरी त्यावरून साधारण काळ काढता येतो. नुसता टाइप केलेला मजकूर मिळाला असेल तर त्या बाजूचा फोटो मागून घ्या.