सध्या काय वाचताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रोजचं वाचन आणि हातातलं पुस्तक इतर वाचकांपर्यंत कसं पोहोचवावं, याविषयीचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा आठ-नऊ वाचकांचा गट आहे. ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की प्रत्येक जण पुस्तकाचं नाव लिहितो आणि पुढे ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढंच. परीक्षण लिहिणं आम्हाला जमत नाही. मग लिहावं तरी काय?

परीक्षण लिहूच नका. परीक्षण पूर्ण झालेल्या पुस्तकाचं असतं. तुम्ही अजून पुस्तकाच्या मध्यावर आहात आणि तिथून जे दिसतंय तेवढंच इतरांना हवं आहे. त्यासाठी ८० ते १०० शब्द पुरतात.

आधी ओळख द्या : पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक आणि मूळ भाषा. अनुवादकाचं नाव हमखास गळतं. पण एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद उपलब्ध असतील तर वाचकाला नेमका कोणता घ्यायचा हे त्या नावावरूनच कळतं. मग कुठवर आलात ते सांगा : ‘२८० पैकी ११५ पानं’. त्यानंतर पुस्तकातली एक, फक्त एकच, ठोस गोष्ट. इथेच बहुतेक नोंदी फसतात, कारण आपण विशेषणं वापरतो. समजा, दीपगृहावर काम केलेल्या माणसाच्या आठवणी वाचताय. ‘अतिशय वाचनीय, ओघवती शैली’ असं शंभर पुस्तकांबद्दल म्हणता येईल. त्याऐवजी ‘दिव्याची काच पुसण्याच्या रोजच्या कामावर पूर्ण एक प्रकरण आहे, घटना जवळजवळ नाहीत, पण कामाचं वर्णन इतकं बारीक आहे की कंटाळा येत नाही’ असं लिहिलंत, तर संथ लेखन आवडणारा वाचक लगेच पुढे सरसावेल आणि वेगवान कथानक हवं असणारा स्वतःहून बाजूला होईल. दोघांचंही काम झालं.

शेवटचं वाक्य ‘कुणासाठी’ याचं असू द्या. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे त्यांतले दोन. वाचनगटाला ते तंतोतंत लागू पडतात. ‘जरूर वाचा’ हे वाक्य सगळ्यांना उद्देशून असतं, म्हणून कुणालाच लागत नाही. ‘प्रवासवर्णनं आवडतात पण स्थळांच्या याद्या नको वाटतात, अशांनी घ्यावं’ हे बरोबर माणसापर्यंत पोहोचतं.

प्रश्न : कादंबरीविषयी लिहिताना रहस्य फुटणार नाही याची काळजी कशी घ्यायची?

मलपृष्ठावरच्या मजकुरात जे आहे आणि पहिल्या दहाव्या भागात जे उघड होतं, तेवढं मोकळेपणानं सांगावं. म्हणजे ३०० पानांच्या कादंबरीत साधारण ३० पानांपर्यंतचं. त्यापुढचं सांगायचं असेल तर नोंदीच्या पहिल्याच ओळीत ‘पृष्ठ १४० पर्यंतचा उल्लेख आहे’ असं लिहा. ही सूचना शेवटी लिहून उपयोग नाही. तोवर वाचून झालेलं असतं.

रहस्यकथेत मात्र घटना न सांगताही रहस्य फुटतं. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ असं कळलं की वाचक प्रत्येक पात्राकडे संशयानं पाहू लागतो, आणि लेखकानं रचलेली बेसावध क्षणाची जागाच नाहीशी होते. किरकोळ वाटणाऱ्या पात्राची खास स्तुती केली तरी तेच होतं. अशा पुस्तकाबद्दल लिहायचं तर वातावरण, भाषा, तपासाची पद्धत यांवर लिहावं.

एक अपवाद आहे. पुस्तकात लहान मुलांवरील अत्याचार, आत्महत्या, तपशिलातली हिंसा असेल तर ते आधीच सांगावं, थोडं कथानक उघड झालं तरी चालेल. ते न कळता पुस्तक हाती घेणाऱ्याला खरा त्रास होऊ शकतो.

प्रश्न : वाचायची इच्छा आहे, पुस्तकंही आहेत, पण चार दिवस वाचन होतं आणि मग खंड पडतो. ‘वर्षाला ५० पुस्तकं’ असा संकल्पही टिकला नाही.

पुस्तकांच्या संख्येचा संकल्प बहुधा दोन कारणांनी मोडतो. एक, जाड पुस्तकं टाळून पातळ पुस्तकं निवडली जातात आणि आवडीचं वाचन मागे पडतं. दोन, एखादा आठवडा चुकला की आकडा मागे पडतो, तो भरून निघणार नाही असं वाटतं आणि सगळंच सुटतं. मिनिटांचा संकल्प करा. रोज २० मिनिटं पुष्कळ झाली.

पुढचा हिशेब स्वतःच्या वेगावर करा, दुसऱ्याच्या नको. सध्याच्या पुस्तकाची दहा पानं नेहमीच्या गतीनं वाचा आणि वेळ मोजा. १८ मिनिटं लागली तर एका पानाला १.८ मिनिटं. म्हणजे २० मिनिटांत सुमारे ११ पानं आणि ३०० पानांचं पुस्तक २७-२८ दिवसांत. आठवड्यातला एक दिवस बुडाला तरी महिनाभरात ते संपतं. पुस्तक बदललं की पुन्हा मोजा. वैचारिक गद्याला कादंबरीच्या दुप्पट वेळ लागणं अगदी स्वाभाविक आहे.

वेळ घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली बरी : सकाळच्या चहानंतर, जेवण झाल्यावर. ‘रात्री नऊ वाजता’ हे एखाद्या दिवशी हुकलं की हुकलंच; जेवण मात्र उशिरा का होईना, होतंच. पुस्तक त्याच जागी, खूण घालून, हाताला लागेल असं ठेवा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. आवाज बंद करून शेजारी ठेवलेला फोनही लक्ष खेचतो. झोपण्यापूर्वीची वेळ पुष्कळांना आवडते, पण अवघड पुस्तकासाठी ती वाईट : डोळे फिरत राहतात, अर्थ लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी तीच चार पानं पुन्हा वाचावी लागतात. रात्रीसाठी कथा, ललित, पत्रसंग्रह असं काही हलकं ठेवा.

आणखी एक उपाय करून पाहा. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचा मोह होतो. तसं न करता पुढच्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचून थांबा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या प्रकरणासमोर बसावं लागत नाही, धागा हातात असतो.

प्रश्न : एकाच वेळी तीन-चार पुस्तकं वाचावीत का?

वाचावीत, पण ती वेगवेगळ्या जातीची हवीत : एक कादंबरी, एक वैचारिक, एक कवितांचं. भरपूर पात्रं असलेल्या दोन कादंबऱ्या एकत्र घेतल्या की नावं आणि नाती एकमेकांत मिसळतात. चारापलीकडे जाऊ नका. प्रत्येक पुस्तकाच्या खुणेच्या कागदावर थांबताना एक ओळ लिहा : ‘पत्र सापडलं, भावाला अजून सांगितलेलं नाही.’ दहा दिवसांनी उघडलंत तरी मागची पानं चाळावी लागणार नाहीत.

प्रश्न : वाचलेलं आठवत नाही. गटात बोलायची वेळ आली की फक्त ‘आवडलं होतं’ एवढंच आठवतं. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारते, तरी हेच.

रेघ मारताना डोळे आणि हात काम करतात, स्मरण करत नाही. अर्ध्या पानाखाली रेघा पडल्या की महत्त्वाचं कोणतं हेही कळेनासं होतं.

विसरणं सुरुवातीला फार वेगानं होतं आणि मग मंदावतं, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं. त्यानं निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते. पुस्तकातला अर्थपूर्ण मजकूर त्याहून जास्त टिकतो, पण पहिल्या दिवसांतली गळती तिथेही असतेच. तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांचा, २००६ सालचा. काहींनी गद्य उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं होतं. पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीलाच आपण आठवण समजतो.

म्हणून वाचन संपल्यावर पुस्तक मिटा आणि वहीत तारीख, पानं आणि तीन ओळी लिहा. पुस्तकात न पाहता. मग उघडून तपासा, चुकलेलं दुरुस्त करा. चार-पाच मिनिटांचं काम आहे. पहिले काही दिवस एकच ओळ सुचेल. तेव्हा पुस्तक उघडून उतरवून काढायचा मोह टाळा, कारण तो अडखळण्याचा क्षणच कामाचा असतो. आठवड्यानं फक्त तारीख आणि पानं पाहून, ओळी झाकून, पुन्हा आठवून बघा. गटाला पाठवायची नोंद याच ओळींतून तयार होते, वेगळं बसावं लागत नाही.

उतारा घ्यायचा तर अवतरणचिन्हांत, शब्दशः, पृष्ठक्रमांकासह. स्वतःचा विचार त्याच पानावर लिहीत असाल तर त्यापुढे काही ठरलेली खूण करा, उदाहरणार्थ फुली. वर्षभरानंतर कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं आपलं हे सांगता येत नाही आणि गटात चुकीचं अवतरण फिरत राहतं.

प्रश्न : गटानं एकच पुस्तक वाचायचं ठरवलं. कुणाकडे जुनी प्रत, कुणाकडे नवी, एक जण ई-पुस्तक वाचतो, एक ऐकतो. ‘पान ९६ पाहा’ म्हटलं की गोंधळ होतो.

पानांचा संदर्भ सोडून द्या. प्रकरण आणि परिच्छेद सांगा, सोबत त्या परिच्छेदाचे पहिले चार-पाच शब्द. छापील प्रतीत बोट ठेवून आणि ई-पुस्तकात शोधून, दोन्हीकडे जागा सापडते.

ई-पुस्तकात अक्षरांचा आकार बदलला की पडद्यावरची पानं बदलतात. म्हणून तिथला पानाचा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नसतो. टक्केवारीही फसवते. टिपा, संदर्भ आणि सूची तिच्यात मोजल्या जातात. संशोधनपर पुस्तकाचा मुख्य मजकूर ७५ टक्क्यांवरच संपू शकतो, आणि ‘मी अजून ६० टक्क्यांवर’ म्हणणारा प्रत्यक्षात शेवटाजवळ असतो.

ऐकणाऱ्यानं प्रकरण आणि मिनिट नोंदवावं. वेग वाढवला तर हिशेब बदलतो : दहा तासांचं पुस्तक सव्वापट वेगानं आठ तासांत संपतं. माहितीपर पुस्तकाला हा वेग चालतो. कवितेला आणि बोलीभाषेतल्या संवादांना चालत नाही, तिथे विराम महत्त्वाचे असतात. झोपताना ऐकत असाल तर १५ मिनिटांनी आपोआप थांबण्याची सोय लावा, नाहीतर सकाळी दोन प्रकरणं मागे जावं लागेल.

सुरुवात करण्याआधी प्रत्येकानं शीर्षकपानामागचं पान पाहावं. आवृत्ती कितवी, वर्ष कोणतं, पुस्तक संक्षिप्त आहे का, हे तिथे असतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, तपासा : २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. बांधीव प्रत, साधी प्रत आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे असतात. त्यामुळे क्रमांक जुळला नाही म्हणजे मजकूर वेगळा असं नव्हे. मात्र ‘सुधारित’ किंवा ‘संक्षिप्त’ असा शब्द दिसला तर मजकूर खरोखरच वेगळा असतो आणि चर्चेत अडचण येणार. वेळापत्रक आखताना ३२० पानांचं पुस्तक चार आठवड्यांत म्हणजे आठवड्याला ८० पानं, असा अंदाज काढा. पण थांबे जवळच्या प्रकरणाच्या शेवटी ठेवा.

प्रश्न : अर्धवट सोडलेलं पुस्तक गटात सांगावं का?

अवश्य. कितव्या पानावर आणि का सोडलं तेवढं लिहा. ‘बोअर’ नको. ‘अनुवादाची वाक्यं दोनदा वाचावी लागत होती’, ‘विषय आवडला, पण आकडेवारी फार’, ‘सध्या मन लागत नाही, नंतर घेईन’ ही तीन अगदी वेगळी कारणं आहेत. पहिल्यावरून कुणीतरी दुसरा अनुवाद सुचवू शकतो. तिसऱ्यात पुस्तकाचा दोष नाही, हेही कळतं.

प्रश्न : नोंदी येतात, पण त्यांवर कुणीच काही बोलत नाही.

आठवड्याचा एक दिवस ठरवा आणि नियम करा : आपली नोंद टाकण्याआधी दुसऱ्या एकाच्या नोंदीला एक प्रश्न विचारायचा. ‘मस्त!’ हा प्रश्न नव्हे. ‘निवेदन कुणाच्या तोंडून आहे?’, ‘याआधीचा भाग वाचला नसेल तर समजेल का?’ असं काही. सहा ते दहा जणांत हे सहज चालतं. संख्या वाढली की दोन गट करा. नुसतं मुखपृष्ठाचं छायाचित्र टाकू नका, त्यातली माहिती शोधता येत नाही. नाव आणि लेखक टंकून लिहा. पानंच्या पानं छायाचित्रं काढून टाकणंही नको, त्यावर लेखक-प्रकाशकांचा हक्क आहे. चार-सहा ओळींचं अवतरण पुरे.

महिन्याअखेर आळीपाळीनं एकानं सगळी पुस्तकं लेखकाच्या नावानुसार एका यादीत मांडावीत. शेवटच्या रकान्यात ‘प्रत कुणाकडे’ हे असू द्या. पुस्तक उसनं देताना तारीख तिथेच लिहावी आणि परत कधी हवं तेही आधीच सांगावं. उसन्या प्रतीत पेन्सिलनंही लिहू नये. चिकट कागदी खुणा लावल्या तर वाचून होताच काढाव्यात. दीर्घकाळ राहिल्या तर त्यांचा डिंक पानावर उरतो, त्यावर धूळ बसते आणि शेजारचं पान चिकटतं. धातूची टाचणी दमट हवेत गंजून डाग पाडते. साध्या कागदाची पातळ पट्टी हीच सर्वांत निर्धोक खूण.