पिनबॉलचं नंतर बघू, आधी ती 'एफडी' बाहेर काढा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका भाऊंचं पत्र आलंय. वय ४१, उद्यमबागेत एका फाउंड्रीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, हातात ४२ हजार, दोन पोरं शाळेत. गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्यांनी १९७६ची अमेरिकन पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखाली गोळी उडवून स्कोअर करायचा खेळ, ४० हजारांना उचललीय आणि आता विचारतायत, की अजून दीड लाख घालून ती घरीच चालू केली तर ४-५ लाखांना जाईल का, नाहीतर टिळकवाडीतल्या एखाद्या कॅफेत ठेवू. पैसे कुठून? तर "गोल्ड लोन तसं पण चालूच आहे, मागच्या वर्षी एफडीचा हप्ता भरायला ९० हजार काढलेले, त्यातच वाढवून घेतो. एफडी पाच वर्षात डबल होणार आहे, तेव्हा सगळं फिटेल."

थांबा की ओ. एफडीला हप्ता कधीपासून लागायला लागला?

तुम्ही कागदाचे फोटो पाठवलेत ते बरं झालं. ती एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. वर्षाला १ लाख, असं १० वर्षं भरायचं आणि पैसे मिळणार २० वर्षांनी. पाच वर्षांत डबल हे त्या कागदावर कुठेच नाही, ते फक्त बँकेच्या काउंटरवरच्या माणसाच्या तोंडात होतं. बोनस धरून २० लाख दाखवलेत, म्हणजे व्याज पडलं साडेचार टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे पीपीएफमध्ये ७ टक्क्यांनी २० वर्षांत २९ लाखांच्या घरात जातात. आणि हा साडेचार टक्केवाला हप्ता तुम्ही १२ टक्क्यांनी बायकोचं सोनं गहाण ठेवून भरताय. पगाराचा पाचवा हिस्सा त्यात जातोय, आणि कव्हर किती? १० लाख. घरखर्च ३० हजार धरला तर तुमच्या माघारी तीन वर्षं पण पुरणार नाहीत.

तीन हप्ते भरून झालेत, चौथा जानेवारीत. तो भरू नका. तुमच्या पॉलिसीच्या अटीप्रमाणे तीन हप्त्यांनंतर सोडली तर ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार परत. कोणीतरी नक्की सांगेल की चौथा भरा, मग ५० टक्के मिळतील. मिळतील की, २ लाख, पण त्यासाठी खिशातून अजून १ लाख जाणार आणि हातात जास्तीचे येणार ९५ हजार, म्हणजे वर ५ हजार घालवून समाधान विकत घ्यायचं. दुसरा रस्ता पेड-अप करायचा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी तशीच ठेवायची, त्यात १० लाखांचे ३ लाख होतात, वर आजवरचा बोनस, आणि ते १७ वर्षांनी मिळतात. गोल्ड लोन नसतं तर मी त्यावर विचार केला असता. तुमचं लोन आहे, म्हणून सोडा, ९० हजार आणि व्याज भरून सोनं घरी आणा. दोन लाख गेले म्हणून वाईट वाटणार, वाटू दे. पण त्याआधी ५० लाखांची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे फक्त माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, हातात पडू दे, ती आली की मगच ही सोडायची.

आणि तक्रार करा. फॉर्म सगळा इंग्रजीत, पण शेवटच्या पानावर 'मला माझ्या भाषेत समजावून सांगितलं' अशा ओळीखाली तुमची मराठीत सही आहे, आणि समजावणाऱ्याच्या जागी त्याच बँकवाल्याची. आधी विमा कंपनीकडे लेखी, एक महिन्यात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. आपल्याला बेंगळुरूचं ऑफिस लागतं, पुण्याचं नाही. फी नाही, वकील नको. जिंकालच असं मी म्हणत नाही, सही तुमची आहे.

आता मशीन. ५ लाख विसरा. तो आकडा तुम्ही अमेरिकेतल्या व्हिडिओत बघितलाय, शंभर किलोच्या वरचं धूड इथून तिथं कोण नेणार? कॅफेत १० रुपयाला एक गेम धरला तर दीड लाख निघायला १५ हजार गेम, रोज ३० झाले तरी ५०० दिवस, आणि त्यात कॅफेवाल्याचा हिस्सा धरलेलाच नाही.

पण छंद म्हणून करा, खरंच करा, कारण मजुरी तुमची फुकट आहे आणि या कामाला तुमच्याइतका लायक माणूस मिळायचा नाही. त्या काळच्या मशीनमध्ये चिप नाही, नुसते रिले, कॉइल आणि स्कोअरची फिरती चाकं. कंपनीत कॉन्टॅक्टरचे पॉइंट साफ करता तसंच, जरा नाजूक हातानं. हप्ता बंद झाला की महिन्याला ८ हजार मोकळे होतात, त्यातले ५ पीपीएफमध्ये, एक-दीड टर्मसाठी बाजूला, उरलेले मशीनला. आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, कारण ती ११०-१२० व्होल्टवाली आहे, आपल्या २३० वर थेट लावली तर धूर. फ्यूज उडाला तर जाड तार घालू नका, कॉइल जळते. मग रबर रिंगा, बल्ब, जसं जमेल तसं, दोन वर्षं लागली तर लागू देत.

आणि ती मागची रंगीत काच पुसायची घाई करू नका, रंग आतल्या बाजूनं असतो, ओला फडका लागला की पापुद्रे हातात येतात.